मार्चअखेरचे संशोधन

सरकारी पैशातून संशोधन झाले की शेवटी एक कागद भरून द्यावा लागतो. कॉलेजांत त्याला सगळे 'यूसी' म्हणतात, म्हणजे युटिलायझेशन सर्टिफिकेट. आधी त्याचा नमुना जीएफआर १९-अ होता, २०१७ पासून १२-अ झाला. मंजुरीपत्राचा क्रमांक आणि तारीख, हाती आलेली रक्कम, तिच्यावर बँकेत साठलेले व्याज, झालेला खर्च, उरलेली शिल्लक, खाली सह्या-शिक्के. उपकरणांचे पैसे उपकरणांत, रसायने-काचसामानाचे त्यात, प्रवासाचे प्रवासात. इकडचे तिकडे झाले की पत्रव्यवहार सुरू. व्याजाची चिल्लर परत करण्यासाठी काढलेला डिमांड ड्राफ्ट मी पाहिला आहे. त्याचे कमिशन मूळ रकमेहून जास्त होते. पैसे ज्या कामासाठी दिले त्याच कामाला लागले, अशी ग्वाही त्या कागदावर असते. कामातून काय कळले, याला जागा नसते. त्यासाठी वेगळा अहवाल असतो. तो बाइंडिंग होऊन जातो, पोच येते, आणि विषय मिटतो.

ठाण्याच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात माझी नोकरी झाली. राहायला डोंबिवली पूर्व. ग्रंथपालाचा संशोधनाच्या पैशाशी काय संबंध, असे बाहेरच्यांना वाटते. संबंध दोन्ही टोकांना येतो. मार्चमध्ये प्रकल्पाच्या पुस्तक-खात्यात पैसे उरलेले असले की प्राध्यापक धापा टाकत येतात, "मॅडम, एकतीसच्या आत बिल पाहिजे, काहीही लावा." आणि कॉलेजला श्रेणी देणाऱ्या नॅकची समिती यायची असली की तेच प्राध्यापक पुन्हा येतात, "मॅडम, माझे पेपर किती, सायटेशन किती, जरा काढून द्या ना." एका टोकाला पैसा, दुसऱ्या टोकाला मोजणी. ही मोजणी आपल्याकडे कुठून आली, हे शोधायला फार लांब जावे लागत नाही. मध्य रेल्वेच्या कडेकडेनेच सगळे सापडते.

परळपासून सुरुवात करू. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला आणि मुंबई रिकामी व्हायला लागली. पळणाऱ्यांची वाट आमच्याच बाजूने. कल्याण जंक्शनला गाड्या थांबवून प्रवाशांची तपासणी होऊ लागली. सरकारने कलकत्त्याहून जीवाणूशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांना बोलावले. त्यांना काय दिले? ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, बाहेरचा बोळ, एक कारकून आणि तीन शिपाई. आजच्या प्रस्तावाच्या भाषेत एवढेच 'इन्फ्रास्ट्रक्चर' आणि एवढेच 'मनुष्यबळ'. १० जानेवारी १८९७ ला हाफकिननी तिथे तयार केलेली प्लेगची नवी लस स्वतःला टोचून घेतली, त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना.

लस लागू पडते का, हे त्यांनी कसे ठरवले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. गायकवाडांच्या बडोदे संस्थानात उंधेरा नावाचे गाव होते. १८९८ च्या सुरुवातीला तिथे घराघरात अर्ध्या माणसांना लस टोचली, अर्ध्यांना नाही. एकाच घरातली माणसे. एकच छप्पर, एकच चूल, तेच उंदीर. काही आठवड्यांनी परत जाऊन मोजले. प्लेग ज्या २८ कुटुंबांत शिरला, तिथे लस न घेतलेले ६४ होते. त्यांतले २७ आजारी पडले आणि २६ दगावले. लस घेतलेले ७१ होते. ८ आजारी पडले, ३ दगावले. दोन ओळींचा तक्ता. आजच्या नियमांनी असा प्रयोग नैतिकता समितीपुढे एक दिवसही टिकला नसता, ते बरोबरच आहे. पण मोजणी म्हणून पाहा: खोली, बोळ, कारकून आणि शिपाई यांच्यावर झालेल्या खर्चातून काय आले, हे त्या तक्त्यात आहे. तेही गावच्या पाटलाला वाचून दाखवले तर समजेल अशा आकड्यांत.

हीच मोजणी उलटीही फिरली. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी लसीच्या एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने गेली. हाफकिन निलंबित झाले. दोष प्रयोगशाळेचा की गावात बाटली उघडताना झालेल्या हलगर्जीचा, हा वाद वर्षानुवर्षे चालला, आणि ते निर्दोष असल्याचे मान्य व्हायला १९०७ उजाडले. तोवर प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली होती. १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचेच नाव मिळाले. माणसाला आधी घालवायचे आणि मग पाटीवर लावायचे, ही पद्धत काही आजची नाही.

याच परळच्या वास्तूत १५ नोव्हेंबर १९११ रोजी एक बैठक झाली. वैद्यकशास्त्रातल्या जाणकारांना तारीख माहीत असते, बाकी कुणाला नाही. इंडियन रिसर्च फंड असोसिएशनच्या नियामक मंडळाची ती पहिली बैठक. अध्यक्ष सर हारकोर्ट बटलर. तीच संस्था १९४९ मध्ये आयसीएमआर झाली. कोविडच्या काळात रोज संध्याकाळी टीव्हीवर जिचे नाव ऐकत होतो, तिचा पहिला हिशेब परळला मांडला गेला. एखाद्या साथीपुरता पैसा न देता संशोधनासाठी कायमचा निधी ठेवायचा, अर्ज मागवायचे, निवडायचे, वाटायचे, ही घडी आपल्याकडे बसू लागली ती इथून.

पुढच्याच वर्षी, १९१२ मध्ये, मंडळाच्या दुसऱ्या बैठकीत आणखी एक निर्णय झाला: संशोधन छापायला स्वतःचे नियतकालिक काढायचे. १९१३ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च' निघाले आणि ते आजही निघते. या दोन बैठकांना मी जरा जास्त महत्त्व देते, हे मला माहीत आहे. ग्रंथपाल बाईला नियतकालिकात जीव असायचाच. पण क्रम बघा. आधी फंड, लगेच जर्नल. हाफकिनच्या कामाचा निकाल उंधेऱ्याच्या घरांत लागला. फंडाच्या कामाचा निकाल आता छापील पानांवर लागू शकत होता. निबंध छापून आला म्हणजे पैसा कारणी लागला, असे कुणी तेव्हा म्हटले नव्हते. तसे म्हणण्याची सोय मात्र झाली.

स्वातंत्र्याच्या तोंडावर दुसरी मोठी थैली सुटली ती टाटांची. १२ मार्च १९४४ ला होमी भाभांनी सर सोराब सकलातवाला यांना पत्र लिहिले. सकलातवाला सर दोराबजी टाटा ट्रस्टचे अध्यक्ष. मूलभूत भौतिकशास्त्राची एक संस्था काढावी, असा तो प्रस्ताव. मंजुरी मिळायला फार महिने लागले नाहीत. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगळूरला सुरू झाली आणि त्याच वर्षी मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात आली. पहिल्या वर्षाचे अंदाजपत्रक ८०,००० रुपयांचे: ट्रस्टचे ४५,०००, मुंबई सरकारचे २५,०००, सीएसआयआरचे १०,०००. त्या पत्रात भाभा अणुऊर्जेबद्दल बोलत होते, तेव्हा हिरोशिमा व्हायला वर्षाहून अधिक अवकाश होता. दर तिमाहीला प्रगती अहवाल मागणाऱ्या कुठल्याही समितीने त्या प्रस्तावावर 'अपेक्षित फलनिष्पत्ती स्पष्ट करावी' असा शेरा मारला असता.

या संस्थेतल्या एका माणसाकडे मला वळायचे आहे, कारण मोजणीचा सगळा गुंता त्याच्या एकट्याच्या आयुष्यात सापडतो. दामोदर धर्मानंद कोसंबी. ते १९४६ मध्ये तिथे गणिताचे प्राध्यापक म्हणून गेले. राहायला पुणे, डेक्कन क्वीनने जाऊन-येऊन. म्हणजे वर्षानुवर्षे हा माणूस आमच्या कल्याण-डोंबिवली-ठाण्यावरून धडधडत जात होता, हातात पुस्तक घेऊन. पगार गणिताचा. डोक्यात मात्र पंच-मार्क नाण्यांची वजने, पाषाणयुगीन हत्यारे, भर्तृहरीच्या पोथ्यांचे पाठभेद. १९५६ मध्ये त्यांचे भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचे पुस्तक आले आणि त्या विषयाची वहिवाटच बदलली. गणिताच्या विभागाच्या वार्षिक अहवालात हे कुठल्या खात्यात घालणार? १९५९ मध्ये त्यांनी रीमानच्या प्रसिद्ध सिद्धान्तकल्पनेची सिद्धता म्हणून एक निबंध छापला, तोही कृषी-सांख्यिकीच्या नियतकालिकात. ती सिद्धता टिकली नाही आणि गणितज्ञांत त्यांची पत घसरली. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे चालू ठेवला नाही. १९६६ च्या जूनमध्ये ते गेले.

आता दुसरी बाजू. १९४४ मध्ये, म्हणजे टाटा संस्थेत जाण्यापूर्वी, ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत असताना, 'अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स' मध्ये त्यांचा चार पानांचा एक निबंध आला. गुणसूत्रावर दोन जनुके एकमेकांपासून किती लांब आहेत, हे पुढच्या पिढीतल्या अदलाबदलीच्या प्रमाणावरून कसे काढायचे, याचे एक सूत्र त्यात होते. त्यासाठी ना प्रकल्प, ना अनुदान, ना यूसी. पाच वर्षांनी कुणी फर्ग्युसनला विचारले असते, की या चार पानांचा काय उपयोग झाला, तर सांगण्यासारखे फारसे काही नव्हते. १९८० च्या दशकात डीएनएच्या खुणा वापरून पिकांचे जनुकीय नकाशे काढायला सुरुवात झाली, संगणकावरचे मॅपमेकरसारखे प्रोग्रॅम आले, आणि त्यांत दोन पर्याय दिलेले असत: हाल्डेनचे सूत्र की कोसंबीचे. तांदूळ, गहू, मका, टोमॅटो, कुठल्याही पिकाच्या नकाशाचा निबंध उघडा, 'कोसंबी' हा शब्द सापडतो. मुंबई विद्यापीठातून वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका मुलीने मला विचारले होते, "मॅडम, हा कोसंबी जपानी का हो?"

एकाच माणसाचे तीन हिशेब. ज्या कामाचा पगार घेतला त्यात नाव खराब झाले. ज्या कामाचा पगार नव्हता त्यात नाव झाले. ज्या चार पानांकडे फारसे कुणी पाहिले नव्हते, त्यांचा मोठा उपयोग ते गेल्यावर वीसेक वर्षांनी सुरू झाला. यावरून अनुदाने द्यायचीच नाहीत असे कुणी म्हणेल तर तो वेडेपणा होईल. सगळेच कोसंबी नसतात आणि सगळ्यांना डेक्कन क्वीनचा पास परवडत नाही. प्रश्न एवढाच, की माप केव्हा लावायचे.

माप लावायची हत्यारे तयार केली ती आमच्या जातीच्या लोकांनी, म्हणजे याद्या करणाऱ्यांनी. आल्फ्रेड लोटका याने १९२६ मध्ये रसायनशास्त्राच्या सारसूचीतली लेखकांची नावे मोजून दाखवले, की थोडे लोक पुष्कळ लिहितात आणि पुष्कळ लोक एखादाच निबंध लिहितात. लंडनच्या सायन्स म्युझियमचे ग्रंथपाल ब्रॅडफर्ड यांना १९३४ मध्ये आढळले, की कुठल्याही विषयाचे तृतीयांश निबंध मोजक्या नियतकालिकांत एकवटलेले असतात आणि उरलेले शेकडो ठिकाणी विखुरलेले. हे वाचून मला पटले ते सिद्धान्त म्हणून नाही, अंदाजपत्रक म्हणून. कॉलेजचे ग्रंथालय किती जर्नल घेणार? ज्या चार-सहांत विषयाचा गाभा आहे ती घ्यायची, बाकीच्यांसाठी मुंबईला पत्र टाकायचे. आपल्या रंगनाथनांनी १९४८ मध्येच ग्रंथालयाच्या कामाला संख्याशास्त्र लावायची कल्पना मांडली होती, तीही कपाटे, खिडक्या आणि वाचक यांच्या सोयीसाठी.

मग १९६० च्या दशकात फिलाडेल्फियाच्या यूजीन गारफील्ड यांनी सायन्स सायटेशन इंडेक्स काढला. कोणत्या निबंधाचा उल्लेख पुढे कुणी केला, याची सूची. छापील खंड म्हणजे विटांसारखे जाड आणि अक्षर इतके बारीक, की मुंबईतल्या एका मोठ्या ग्रंथालयात त्यांच्याशेजारी भिंग दोरीने बांधून ठेवले होते. जुना निबंध हाती धरून नव्यापर्यंत पोचायची ती युक्ती होती, शोधणाऱ्याच्या सोयीची. इम्पॅक्ट फॅक्टरही मुळात कोणती नियतकालिके सूचीत घ्यावीत हे ठरवायला जन्मला. पण मोजता येते म्हटल्यावर मोजणारे आलेच. गारफील्ड यांनी १९७३ च्या आकड्यांवरून तिसऱ्या जगाचे विज्ञान मोजले, तेव्हा त्या गटातले जवळजवळ निम्मे निबंध भारतातून आलेले निघाले. दिल्लीत ते आकडे अभिमानाने सांगितले जात. नंतर चीन पुढे गेला, आपला क्रमांक घसरला, तेव्हा तेच आकडे काळजीने सांगितले जाऊ लागले.

आमच्या भागात ही विद्या रुजली ती ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ग्रंथालयात. त्याला एक कारण होते. व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने १९७० मध्ये आयएनआयएस नावाची जागतिक सूची सुरू केली. प्रत्येक देशाने आपल्याकडचे अणुविज्ञानातले लिखाण टिपून पाठवायचे, आणि बदल्यात सगळ्या जगाचे मिळवायचे. भारताचे टिपण ट्रॉम्बेहून जात असे. वर्षानुवर्षे शीर्षक, लेखक, संस्था, विषय-संज्ञा भरत बसलेल्या माणसाला एक दिवस वाटणारच, की हे मोजून पाहावे. तिथल्याच कडेमनी, कल्याणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात 'सायंटोमेट्रिक पोर्ट्रेट' या प्रकारचे निबंध लिहायला सुरुवात केली. एका शास्त्रज्ञाचे सगळे निबंध घ्यायचे. कोणत्या वयात किती, कुणाकुणाबरोबर, कुठल्या नियतकालिकांत, कोणत्या विषयांवर, आणि पुढे कुणी दखल घेतली, असे चित्र आकड्यांतून काढायचे. रामन, चंद्रशेखर, बार्बरा मॅकक्लिंटॉक, आपले आर. चिदंबरम. १९९६ चा चिदंबरम यांच्यावरचा निबंध मलेशियाच्या ग्रंथालयशास्त्राच्या नियतकालिकाच्या पहिल्याच अंकात आहे. २००६ मध्ये जगभरातल्या थोरियमवरच्या संशोधनाचा आढावा 'सायंटोमेट्रिक्स' मध्ये आला.

थोरियमचा तो निबंध मला आदर्श वाटतो. केरळच्या वाळूत थोरियम आहे, भाभांच्या अणुऊर्जेच्या तीन टप्प्यांच्या आराखड्यात तिसरा टप्पा त्याच्यावर बेतलेला. मग जगात यावर कोण काम करतो, कोणत्या वर्षी ओघ वाढला, कधी आटला, हे धोरण ठरवणाऱ्याला कळायलाच हवे. मोजणीने ओघ दिसतो. अमुक माणूस बढतीला लायक आहे की नाही, हे त्याच मोजणीने ठरवायचे म्हणजे पर्जन्यमापकाने विहिरीतले पाणी मोजण्यासारखे आहे.

आणि नेमके तेच झाले. ३० जून २०१० चे विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) नियम निघाले आणि एपीआय नावाची गुणपत्रिका कॉलेजाकॉलेजांत पोचली. रेफरीड जर्नलमधल्या निबंधाला १५ गुण. आयएसएसएन क्रमांक असलेल्या इतर नियतकालिकातल्याला १०. आता पुढचा तपशील पाहा: ३० लाखांहून मोठा प्रकल्प मिळाला तर २० गुण, ५ ते ३० लाखांचा असेल तर १५, छोटा असेल तर १०. पैसा मिळवणे हेच फळ! पूर्वी निदान पैसा एका पारड्यात आणि निबंध दुसऱ्यात असे. आता दोन्ही एकाच पारड्यात जाऊन बसले, आणि दुसऱ्यात ठेवायला काही उरले नाही.

डोंबिवलीहून सकाळच्या लोकलच्या लेडीज डब्यात जाणाऱ्या प्राध्यापक बायकांच्या बोलण्यात तोवर मुलांच्या परीक्षा आणि भाज्या असत. आता त्यात आयएसएसएन आला. "अगं, तिथे दोन हजारांत छापतात. आठ दिवसांत सर्टिफिकेटसकट." ज्या नियतकालिकाचे नाव 'इंटरनॅशनल' ने सुरू होते, त्याचे कार्यालय कुठल्या तरी गावातल्या झेरॉक्सच्या दुकानाच्या माळ्यावर निघायचे. मी कुणाला दोष देत नाही. कल्याण-डोंबिवलीच्या कॉलेजात आठवड्याचे तास घेऊन, परीक्षांचे पेपर तपासून, विद्यार्थ्यांना एक बुरेट आळीपाळीने वापरायला देणाऱ्या प्राध्यापकाकडून दरवर्षी नवे ज्ञान मागितले, तर तो ते विकतच आणणार.

याचा छडाही महाराष्ट्रातच लागला, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन यांच्या गटाने यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीतली, विद्यापीठांच्या शिफारशीने शिरलेली नियतकालिके नमुना म्हणून तपासली. तपशिलात तपासलेल्या १,००९ पैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकषांवर उतरली नाहीत. हा निबंध २०१८ मध्ये 'करंट सायन्स' मध्ये छापून आला. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली, पुढे पुण्याच्याच मदतीने केअर नावाची नवी यादी आली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद करून निवड पुन्हा संस्थांवर सोपवली.

ठाण्यात संशोधनाला पैसा पुरवण्याची एक फार जुनी रीत होती, तिचा उल्लेख इथे केला नाही तर माझ्याच पेशाशी बेइमानी होईल. विनायक लक्ष्मण भावे ठाण्याचे, व्यवसाय मिठाचा. १८९३ मध्ये, वयाच्या बाविशीत, त्यांनी मराठी ग्रंथसंग्रहालय काढण्यात पुढाकार घेतला, जे आजही ठाण्यात उभे आहे. मिठाच्या व्यापारात मिळालेले त्यांनी पोथ्यांत घातले. गावोगावची बाडे मिळवली, महानुभावांच्या सांकेतिक लिपीशी झटापट केली, आणि 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिले: आधी १८९९ च्या सुमारास 'ग्रंथमाले' तला निबंध, मग १९१९ ची मोठी आवृत्ती. अनुदान देणारे तेच, घेणारे तेच. यूसीवर सही कुणाची घेणार? त्या कामाचे फलित मोजायचे झाले तर एकच खूण सांगते. भावे १९२६ मध्ये गेले, आणि त्यानंतर पाव शतकाने शं. गो. तुळपुळे यांच्यासारख्या पंडिताने नवा ग्रंथ न लिहिता त्याच ग्रंथाला पुरवणी जोडली. दुरुस्त करण्याच्या लायकीचे काम, यापेक्षा मोठे सायटेशन मला माहीत नाही.

हे मिठाचे पैसे होते. विज्ञानाला एवढ्यावर भागत नाही. पण तीच कसोटी विज्ञानाला लावून पाहायला ठाण्याच्या खाडीइतकी चांगली जागा नाही. चेंदणी बंदर रस्त्यावर, खाडीच्या अगदी कडेला, विद्या प्रसारक मंडळाची कॉलेजे आहेत. तिथल्या बांदोडकर विज्ञान महाविद्यालयातल्या आणि आसपासच्या प्राणिशास्त्रवाल्यांनी कित्येक वर्षे या खाडीचा गाळ उपसला आहे. विषय ऐकून कुणी प्रभावित होत नाही: गाळातले किडे, पाण्यातला विरघळलेला प्राणवायू, खारफुटी, खेकडे, मासे. छोटे प्रकल्प, लाखाच्या आतबाहेरचे. असला एक जुना प्रबंध माझ्या टेबलावर बराच काळ होता. महिन्यामागून महिना, ओहोटीची वेळ साधून, गुडघाभर चिखलात उतरून घेतलेले नमुने. एका चौरस मीटरमध्ये किडे किती आणि कोणते. एका तक्त्याच्या समासात पेन्सिलीने लिहिलेले 'होडी मिळाली नाही'. सायटेशन मोजायला गेले तर जवळजवळ शून्य.

१९९० च्या दशकात रोहित पक्षी या खाडीत मोठ्या संख्येने येऊ लागले. २०१५ मध्ये खाडीचा सुमारे १,६९० हेक्टरांचा भाग अभयारण्य झाला, २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला. पूल, रस्ते, भराव यांचे प्रस्ताव तर चालूच असतात, आणि प्रत्येक प्रस्तावाला पर्यावरण अहवाल जोडावा लागतो. तो लिहिणाऱ्या कंपन्यांची मुले ग्रंथालयात यायची. "मॅडम, खाडीचा जुना डेटा आहे का? नव्वदच्या आधीचा?" तो फक्त त्या प्रबंधांत असे. मुले झेरॉक्स घेऊन जात, आणि अहवालात स्रोत म्हणून 'दुय्यम माहिती' एवढेच लिहीत. इतका वापर झाला, पण कुठल्याही सूचीत त्याची नोंद नाही. नोंद होती ती फक्त माझ्या झेरॉक्सच्या वहीत, पानांच्या पैशांसाठी ठेवलेल्या.

बारावी पंचवार्षिक योजना २०१७ मध्ये संपली, तसे छोट्या प्रकल्पांचे पैसेही आटत गेले. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आले आहे. पाच वर्षांत ५०,००० कोटींचे बोलणे आहे, त्यातले ३६,००० कोटी सरकारबाहेरून यायचे आहेत. एवढ्या रकमेत चिखलात उतरणाऱ्याच्या होडीचे भाडे बसायला हरकत नाही. देशाचा संशोधनावरचा खर्च मात्र २०२०-२१ मध्ये देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता, आणि दहा वर्षांनी परत जाऊन 'कुणाला उपयोग झाला' एवढे विचारणारा कारकून कुठल्याच योजनेत नेमलेला नाही. उंधेऱ्यात परत जाऊन मोजणारे होते.

पीएच.डी.चे प्रबंध आता शोधगंगा या ऑनलाइन भांडारावर चढतात. एम.एस्सी.चे प्रबंध आणि छोट्या प्रकल्पांचे अहवाल चढत नाहीत. ते कपाटांत असतात आणि रंगकाम निघाले की कपाटे हलतात. मी निवृत्त व्हायच्या सुमारास आमचे हलायचे ठरले, तेव्हा प्राणिशास्त्राच्या मॅडमना बसवून खाडीवरच्या सगळ्या कामांची यादी करून घेतली: वर्ष, नमुन्याची ठिकाणे, काय मोजले, कुणी नेऊन वापरले. शेवटचा रकाना झेरॉक्सच्या वहीवरून भरला. यादीची एक प्रत विभागात आहे, एक माझ्याकडे. खाडीचे जुने आकडे हवे असतील त्याने विभागात विचारावे, बारा ते दोन सोडून.